भरती आली की वाट बंद

भुताच्या गोष्टीत समुद्र नुसता वातावरणनिर्मितीपुरता, भूत वाड्यातलं असलं तरी तेवढंच घाबरवतं, असं काही जण म्हणतात. नाही पटलं. सुझन हिलची 'द वूमन इन ब्लॅक' (१९८३) ही भयकादंबरी घ्या. त्यातल्या ईल मार्श हाऊस या झपाटलेल्या घराकडे जायला एकच वाट, तीही भरतीला पाण्याखाली. वकील आर्थर किप्सला कितीही पळावंसं वाटलं तरी ओहोटीची वाट बघण्यावाचून गत्यंतर नाही. त्यात धुकं, धुक्यातून येणारा घोडागाडीचा आवाज, मग चिखलात रुतणाऱ्या घोड्याचं खिंकाळणं आणि लहान मुलाची किंकाळी. दिसत मात्र काहीच नाही! स्पायडर कुत्री दलदलीत रुतते तो प्रसंग मी तरी रात्री वाचत नाही. २०१२च्या सिनेमात दचकवण्यावरच भर आहे, शेवटही बदललाय. आधी पुस्तक वाचा.

डाफ्ने ड्यू मॉरिएच्या 'रेबेका' या कादंबरीत (१९३८) मुळात भूतच नाही, ही तक्रार कुणी केली तर मान्य. पण तिथेही धुक्यात एक जहाज किनाऱ्याजवळ अडकतं, पाणबुड्याला तळाशी बुडालेली बोट सापडते आणि सगळी कथाच फिरते. (पुढचं सांगत नाही, रहस्यभेद होईल.) वाड्याच्या विहिरीतून हे जमलं असतं का?

आपल्याकडची खाडीकाठची अशी एखादी कादंबरी असेल तर सुचवा.