‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे चूक का?

येळ्ळूरची आई
मुलगी मराठी माध्यमात नववीला आहे. तिनं वहीत ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ लिहिलं, बाईंनी लाल रेघ मारून ‘आय हॅव’ केलं. त्याच पानावर ‘वी आर हॅविंग लंच’ आहे आणि त्याला बरोबरची खूण! आता ती विचारते, एकच शब्द इथं चूक आणि तिथं बरोबर कसा? नियम सांगितला तर पाठ करील की, पण तिला पटायला पाहिजे. बाजारात तर सगळेच ‘आर यू हॅविंग चेंज’ म्हणतात.

खानापूरचा मास्तर
ताई, फार चांगला प्रश्न विचारलाय पोरीनं. सुरुवात मराठीपासून करा. आपल्याकडे हॅवसारखं क्रियापदच नाही. आपण सगळं ‘असणे’वर भागवतो: मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे शंभर रुपये आहेत, माझं शेत आहे, गाईला शिंगं आहेत. कन्नडातही तसंच, ‘नन्न हत्र रोक्क ऐति’, म्हणजे माझ्याकडे पैसे आहेत. आपल्या भागातली मुलं या दोन भाषांत वाढतात, आणि दोन्हींत वस्तू ‘असते’, माणूस काही करत नाही. इंग्रजीत मात्र माणूस कर्ता होतो. हॅवचा मूळ अर्थच पकडणे. लॅटिनमधलं ‘कापेरे’ त्याच मुळाचं. दिसायला जवळचं ‘हाबेरे’ मात्र वेगळ्या मुळातलं.

भाऊ असणं, पैसे असणं ही स्थिती झाली. तिला ‘इंग’ लागत नाही. पण हॅव कधीकधी दुसऱ्या क्रियापदाचं काम करतं. हॅविंग लंच म्हणजे जेवणं, हॅविंग अ बाथ म्हणजे अंघोळ करणं. या चाललेल्या कृती आहेत. तिला मराठीत ‘-तोय’ लावून बघायला सांगा. ‘आम्ही कुंदा खातोय’ जमतं, म्हणून ‘वी आर हॅविंग कुंदा’. ‘मला त्रास होतोय’ जमतं, म्हणून ‘आय ॲम हॅविंग ट्रबल’. ‘मला दोन भाऊ असतायत’ कुणी म्हणेल का?

आणि हे जरूर दाखवा: ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे, ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ होणार आहे. एवढा फरक पडतो.

निपाणीकर
पुण्यात कॉल सेंटरला होतो, तिथलं सांगतो. ‘हॅव टू’ बोलताना ‘हॅफ टू’ ऐकू येतं, ‘हॅज टू’चं ‘हॅस टू’ होतं. मुलीला आत्तापासून कानावर पडू दे. दुसरं, ‘आय कट माय हेअर’ म्हणजे केस स्वतः कापले. सलूनमध्ये कापून घेतले तर ‘आय हॅड माय हेअर कट’. आपलं ‘करून घेणे’ तेच.

चिकोडी रोड
एवढं कशाला? ‘हॅविंग चेंज’ म्हटलं तरी दुकानदार सुट्टे देतो की.

खानापूरचा मास्तर
देतो, आणि बाजारात कुणी कुणाला अडवू नये. पण ही पोरं उद्या मुलाखतीला इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या शेजारी बसणार. तिथं पहिल्याच वाक्याला समोरच्याचं मत होतं. मराठी शाळेतल्या मुलाला एवढं पक्कं मिळालंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

येळ्ळूरची आई
सर, ‘-तोय’ तिला लगेच कळलं. पण एका ठिकाणी अडली. ‘मला ताप येतोय’ आपण म्हणतो, मग ‘आय ॲम हॅविंग फीवर’ का नको?

खानापूरचा मास्तर
शाब्बास! ताप आपल्याकडे ‘येतो’, इंग्रजीत तो ‘असतो’. ‘आय हॅव अ फीवर’ लिहायचं. सर्दी, खोकला, डोकेदुखी तशीच: हॅव अ कोल्ड, हॅव अ कफ, हॅव अ हेडेक. आणि तो मधला ‘अ’ विसरू देऊ नका. आजारांची ही वाक्यं वहीत वेगळ्या पानावर लिहून तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.