पवित्र शनिवारी तुम्ही काय करता?

जॉबरची_बायको, सोलापूर

सर्वांना सलाम. प्रश्न साधाच आहे, पण नीट सांगायला मला थोडं मागं जावं लागेल.

आमचे हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. गेल्या वर्षी २० एप्रिलला ईस्टर झाला, तेव्हा पहाटे साडेतीनला सगळ्यांना उठवणारे तेच होते. जूनमध्ये ते गेले. यंदा राखेच्या बुधवारपासून, म्हणजे १८ फेब्रुवारीपासून, मी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतेय. मटण-मासे बंद, रोज रात्री एक अध्याय. शुगरमुळे डॉक्टरांनी उपाशी राहायचं नाही म्हणून सांगितलंय, त्यामुळे दुपारी अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी खाते. ते मनाला लागतं, पण माझा प्रश्न तो नाही.

उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, मला कळतं. बारा ते तीन उपासना, येशूचे क्रूसावरचे सात उद्गार. आमच्याकडं त्या तीन तासांत पाणी प्यायचं नाही अशी सासूबाईंपासूनची रीत. एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन, वर पंखा गरम वारा फेकतोय, आणि पाचवा उद्गार येतो, ‘मला तहान लागली आहे.’ तिथं दरवर्षी माझ्या डोळ्यांत पाणी येतं, कारण तो एक उद्गार समजायला मला कुणाच्या प्रवचनाची गरज पडत नाही.

ईस्टरच्या रविवारचंही कळतं. अंधारातच स्मशानभूमीत जायचं, कबरींवर मेणबत्त्या लावायच्या, ‘ख्रिस्त उठला आहे!’ असं पाळकसाहेब म्हणाले की सगळ्यांनी ‘खरोखर उठला आहे!’ म्हणायचं.

मधल्या शनिवारी काय करायचं? मंडळीत त्या दिवशी काहीच नसतं. पोरं नवीन कपडे आणायला नवी पेठेत जातात, बायका रविवारच्या स्वयंपाकाच्या तयारीला लागतात. मीही आजवर तेच केलं. हे मात्र शनिवारी दुपारी अंगणात वर्तमानपत्र अंथरून घरातल्या सगळ्यांचे बूट-चपला पॉलिश करायचे. माझी चप्पल, दोन्ही पोरांचे बूट, सासूबाई होत्या तोवर त्यांच्या वहाणा. एका रांगेत वाळत ठेवायचे. बोलायचे नाहीत फारसं. मी त्याला कधी उपासना म्हटलं नाही. आता चाळीस दिवस सरत आले, आणि मला त्या रांगेचीच भीती वाटतेय.

आणि एक. रविवारी पहाटे ह्यांच्या कबरीपाशी उभं राहून ‘खरोखर उठला आहे’ असं मोठ्यानं म्हणायचं. माझा विश्वास आहे. पण त्या वेळी माझं तोंड उघडेल असं वाटत नाही. दफनानंतर मी तिथं एकदाच गेलेय, सिमेंटचं काम झालं तेव्हा. शनिवारी वाचण्यासारखं पवित्र शास्त्रात काही आहे का? तुमच्या घरी त्या दिवशी काय करतात?

---

पाळकाच्या_घरातली

ताई, सलाम. माझं वय बहात्तर. चाळीस वर्षं पाळकाच्या घरात काढली, आणि तुमचा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. शनिवारी आमच्या घरात रविवारच्या प्रवचनाची घाई असायची, एवढंच मला आठवतं.

शास्त्रात शनिवारबद्दल अगदी थोडं आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या २३व्या अध्यायाचं शेवटचं वचन काढा. बायकांनी येशूची कबर पाहिली, घरी जाऊन सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुदी लोकांच्या विसाव्याच्या शनिवारी, आज्ञेप्रमाणे स्वस्थ राहिल्या. एवढंच. त्या रडल्या, प्रार्थना केली, एकमेकींशी बोलल्या, काहीही लिहिलेलं नाही. मार्क सांगतो की शब्बाथ संपल्यावर त्यांनी द्रव्यं विकत घेतली. यहुदी लोकांचा दिवस सूर्यास्ताला संपतो, म्हणजे ती खरेदी शनिवारी दिवेलागणीनंतरची. आता गंमत नव्हे, फार गंभीरपणे सांगते: योहान म्हणतो की निकदेमानं आधीच शंभर रत्तल गंधरस आणि अगरू आणला होता. आजच्या मापात सुमारे ३३ किलो. प्रेताला लागेल त्याहून कितीतरी जास्त. तरी त्या बायकांनी आपलं वेगळं घेतलं. दुसऱ्यानं केलं म्हणून आपलं करायचं राहत नाही, हे विधवा बाईला सांगायला नको.

तो उठेल या आशेनं त्या द्रव्यं घेत नव्हत्या. मेलेल्या माणसासाठी घेत होत्या. त्यांचा शनिवार पूर्ण अंधाराचा होता. आपल्याला रविवार ठाऊक असतो म्हणून आपण शनिवार बाजारात घालवतो.

स्तोत्र ८८ वाचा. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी वळतात, उपकारस्तुतीला येतात. हे वळत नाही. अंधारावरच संपतं. शास्त्रात ते ठेवलंय, काढून टाकलेलं नाही, याचा मला माझ्या धाकट्या भावाच्या वेळी फार आधार वाटला.

तोंड उघडण्याचं म्हणाल तर मार्क १६, वचन ८. देवदूतानं ‘तो उठला आहे’ म्हणून सांगितल्यावर त्या बायका कबरीतून पळाल्या, थरथर कापत होत्या, आणि भ्यायल्या म्हणून कुणाला काही बोलल्या नाहीत. ही बातमी जगात सगळ्यांत आधी ज्यांनी ऐकली, त्यांच्याच्यानं ती बोलवली नाही. तुम्ही गप्प उभ्या राहिलात तर त्यांच्या शेजारी उभ्या आहात. आम्ही बाकीचे म्हणू ना मोठ्यानं. मंडळी असते कशाला?

अर्ध्या भाकरीचा विचार सोडा. इन्सुलिन असो की गोळ्या, तुम्ही खा.

---

ऊदबत्ती

मी कॅथलिक आहे, सोलापूरचीच. आमच्याकडे शनिवार रिकामा ठेवायची रीतच आहे. गुरुवारी रात्री वेदीवरची वस्त्रं काढतात, साक्रामेंताची पेटी, म्हणजे पवित्र भाकर ठेवायची पेटी, रिकामी करून तिचं दार उघडं ठेवतात. शनिवारी दिवसभर मिस्सा, म्हणजे आमची उपासना, नसते. लहानपणी मी आईबरोबर दुपारी चर्चमध्ये जाऊन बसायचे. एरवी लाल दिवा जळत असतो, तो विझलेला. मला ते बघवायचं नाही. आई म्हणायची, “बस थोडा वेळ. आज त्याच्या घरी कुणी नाही.”

मग रात्री जागरणविधी. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, अल्फा आणि ओमेगा ही ग्रीक पहिली-शेवटची अक्षरं, आणि त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. यंदा २०२६. ते आकडे बघितले की मला दरवर्षी वाटतं, हे जुन्या काळातलं काही चाललेलं नाही, याच वर्षात चाललंय, ज्या वर्षी आपलं माणूस घरात नाही त्याच वर्षात. एका ज्योतीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या लागत जातात. आजी सांगायची की तिच्या लहानपणी हा विधी शनिवारी सकाळीच उरकत. १९५१मध्ये पोप बाराव्या पायस यांनी रात्री करायची मुभा दिली आणि १९५६पासून सगळीकडे तो रात्री होऊ लागला. त्यामुळे शनिवारचा दिवस पुन्हा शांत झाला.

ताई, तुमची हरकत नसेल तर शनिवारी रात्री आमच्याकडे या. मागच्या बाकावर बसा. कुणी काही विचारणार नाही. यंदा उजेडही असेल, गुरुवारी २ तारखेला हनुमान जयंतीची पौर्णिमा आहे.

---

रात्रपाळी

काकू, सलाम. मी पण मागावरच आहे. जॉबर काय असतो ते मला माहीत आहे, माग बंद पडला की अख्खी पाळी त्याच्या तोंडाकडं बघत बसते.

मला शास्त्रातलं जास्त येत नाही. आमच्यात शनिवारी कबरी साफ करायला जातात. आजोबांपासून. माझा बाप गेला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, पहिल्या ईस्टरला जायलाच तयार नव्हतो. चुलत्यानं हातात खुरपं दिलं आणि म्हणाला, रडायचं असेल तर तिथं रड, पण गवत काढत रड. घाणेरी आणि काँग्रेस गवत इतकं वाढलं होतं की नाव दिसत नव्हतं. काढता काढता दोन तास गेले. त्या दिवशी मी पहिल्यांदा बापाशी बोललो, म्हणजे मनात. रविवारी पहाटे परत गेलो तेव्हा ती जागा अनोळखी वाटली नाही. अंधारातही पाय बरोबर गेले.

काकू, पहिल्यांदा पहाटेच्या गर्दीत जाऊ नका. आदल्या दिवशी जाऊन या. सहालाच जा, नऊनंतर फरशीवर हात टेकवत नाही. पाणी घरून न्या, तिथल्या नळाला असेलच असं नाही.

---

जॉबरची_बायको, सोलापूर

तिघांचे आभार. बाई, तुमचं उत्तर मी धाकट्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘कुणाला काही बोलल्या नाहीत’ इथं आल्यावर तो उठून आत गेला. थोड्या वेळानं पॉलिशची डबी घेऊन बाहेर आला. ह्यांची. ब्रश कपाटाच्या मागं पडला होता म्हणे, त्यानं जूनमध्येच उचलून ठेवला होता. मला बोलला नव्हता.

स्तोत्र ८८ काल रात्री वाचलं. दोनदा वाचलं. शेवटी ‘आमेन’ म्हणायचं की नाही ते कळेना, मग तशीच दिवा मालवून झोपले.

ऊदबत्ती ताई, तुमच्या आईचं वाक्य मनात राहिलंय. रात्री जागरणाला येईन, पण पहाटे साडेतीनला उठायचंय, तेवढं जमतंय का बघते.

शनिवारी सकाळी सहाला मी आणि धाकटा जाणार. आमच्या गल्लीत पाणी पाच दिवसांआड येतं, यंदा पाळी गुरुवारी येतेय, तेव्हा दोन कॅन वेगळे भरून झाकून ठेवते. खुरपं आहे. रात्रपाळी बाळा, एक सांग. सिमेंट जुलैमधलं आहे, त्यावर चुना धरेल का? की पांढरा रंगच आणू?

---

रात्रपाळी

धरतो की काकू. कळीचा चुना आणा, आदल्या रात्री भिजत घाला. भिजताना उकळी फुटते, हात लांब ठेवा, पत्र्याचा डबा घ्या, प्लॅस्टिकचा नको. सकाळी फडक्यानं गाळून घ्या, मूठभर मीठ आणि थोडा डिंक टाका म्हणजे हाताला लागत नाही. लावायच्या आधी सिमेंट पूर्ण ओलं करा, नाहीतर पापुद्रे निघतात. दोन हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा. पहिला हात पातळ लागतो, दिसत नाही, घाबरू नका. वाळला की पांढरा होतो.

दोन कॅन कमी पडतील. मी पाळी सुटल्यावर साडेसातला एक घेऊन येतो.