शब्दचर्चा : कार्बन नॅनोट्यूबला ‘कण’ म्हणावे की ‘तंतू’?

शंका :
आरोग्यविषयक लेखाचे मुद्रितशोधन करताना ‘कार्बन नॅनोट्यूबचे कण श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कर्करोगाचा धोका असतो’ असे वाक्य आढळले. नॅनोट्यूबसाठी, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळीसाठी, नॅनोनलिका, अब्जांश नलिका, कर्बनलिका असे पर्याय दिसतात. त्यांपैकी कोणता घ्यावा आणि ‘कण’, ‘धोका’ हे शब्द तसेच ठेवावेत का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ :
नावाचा प्रश्न मला गौण वाटतो. ‘कार्बन नॅनोट्यूब’ हे रूप वाचकाला कळते. मराठीच हवे असेल तर ‘अब्जांश नलिका’ चालेल, कारण नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. ‘कर्बनलिका’त मात्र सूक्ष्मतेचा उल्लेखच गळतो.

माझी हरकत ‘कण’ या शब्दाला आहे. कण म्हटले की सर्व बाजूंनी साधारण सारखी असलेली वस्तू डोळ्यांपुढे येते, आणि या पदार्थाबद्दलची काळजी नेमकी त्याच्या लांबट आकारातून निर्माण झाली आहे. जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये ज्या नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यांची जाडी काही नॅनोमीटर होती. पुढे बनलेल्या काही प्रकारांची लांबी मात्र कित्येक मायक्रोमीटर, म्हणजे जाडीच्या शेकडो पट असते. फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत) पोचलेला परका कण तिथल्या भक्षकपेशी गिळून दूर करतात, पण वस्तू सुमारे १५ ते २० मायक्रोमीटरहून लांब, ताठ आणि न विरघळणारी असेल तर ती पेशीत मावत नाही, अर्धवट गिळलेल्या स्थितीत पेशी दाहकारक द्रव्ये सोडत राहते आणि दाह शमत नाही. ॲस्बेस्टॉस या तंतुरूप, कर्करोगकारक खनिजाच्या बाबतीत असेच घडते. ॲस्बेस्टॉसचे आपण ‘तंतू’ म्हणतो, तर येथेही ‘तंतू’च म्हणावे.

प्रतिसाद २ :
सरसकट ‘तंतू’ म्हणण्यास माझा विरोध आहे. एडिंबरा येथील संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांवरील जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात लांब, ताठ नळ्यांनी ॲस्बेस्टॉससारखे परिणाम दाखवले. आखूड किंवा गुंता झालेल्या नळ्यांनी तसे दाखवले नाहीत. गुंत्याच्या गोळ्याला तंतू म्हटल्यास वाचकाची उलट दिशेने दिशाभूल होते. शिवाय तो प्रयोग ‘श्वासावाटे’ नव्हताच, नळ्या उंदरांच्या उदरपोकळीत टोचल्या होत्या. श्वासावाटे दिलेल्या एका प्रकारच्या बहुभित्ती (एकात एक अनेक भिंती असलेल्या) नळ्यांमुळे उंदीरवर्गीय प्राण्यांत फुप्फुसाच्या गाठी झाल्याचे जपानमधील दीर्घ प्रयोगातून २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखक कोणत्या प्रयोगाबद्दल बोलतो आहे, हे आधी पाहावे.

आणखी एक अडचण. न शमणाऱ्या दाहातून होणाऱ्या ‘फायब्रोसिस’साठी आपण ‘तंतुमयता’ लिहितो. ‘तंतूंमुळे फुप्फुसाची तंतुमयता’ असे छापले की बाहेरून गेलेले तंतूच तिथे साठले, असा अर्थ होतो. प्रत्यक्षात ती शरीराने स्वतः तयार केलेली, व्रणासारखी घट्ट ऊती असते. येथे ‘फायब्रोसिस’च ठेवावे, मराठीचा आग्रह धरू नये.

प्रतिसाद १ :
गुंत्याचा मुद्दा मान्य आहे. मग सामान्य उल्लेखात ‘नळ्या’ आणि लांब, ताठ प्रकार अभिप्रेत असेल तिथे ‘तंतुरूप नळ्या’ असे लिहावे.

प्रतिसाद ३ :
‘धोका’ राहूनच गेला. एखाद्या पदार्थात अपाय करण्याची क्षमता असणे वेगळे आणि अमुक माणसाला तो अपाय होण्याची शक्यता वेगळी. ‘धोका’ दोन्हींना लावला जातो. पहिल्यासाठी ‘घातकता’ आणि दुसऱ्यासाठी ‘जोखीम’ वापरावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ या बहुभित्ती नळ्यांच्या एकाच प्रकाराला ‘संभवतः कर्करोगकारक’ ठरवले आणि बाकीच्या नळ्यांचे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नसल्याचे नोंदवले. हे विधान घातकतेचे आहे. त्यातही ‘संभवतः’च्या जागी ‘बहुधा’ लिहू नये, कारण ‘बहुधा’ हा वरचा, अधिक पुराव्याचा गट आहे. जोखीम ठरते ती संपर्कावर : नळ्या राळेत (रेझिनमध्ये) घट्ट बसवून बनवलेल्या रॅकेटने खेळणारा आणि कारखान्यात कोरडी भुकटी ओतणारा कामगार यांची जोखीम सारखी नसते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम, आठ तासांची सरासरी, अशी मर्यादा सुचवली ती कामाच्या ठिकाणांसाठीच.

शंकाकर्ता :
सर्वांचे आभार. लेखकाला पुढील वाक्य सुचवतो : ‘लांब, ताठ अशा काही कार्बन नॅनोट्यूब श्वासावाटे दिल्यावर प्राण्यांच्या फुप्फुसांत गाठी झाल्याचे आढळले असून, त्यांची कोरडी भुकटी हाताळणाऱ्या कामगारांच्या बाबतीत ही जोखीम विचारात घ्यावी लागते.’

प्रतिसाद ३ :
‘लांब, ताठ अशा काही’ऐवजी प्रकाराचे नावच द्यावे; बाकी वाक्य छापण्याजोगे आहे.