शब्दचर्चा : सायकल शर्यतीचं धावतं समालोचन – ‘अंतर’ की ‘फरक’, आणि ‘डोमेस्टिक’ला आपण काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. अमळनेरजवळच्या आमच्या गावात गेल्या जुलैत रोज संध्याकाळी पुतण्या मोबाईल टीव्हीला जोडून टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचं थेट प्रक्षेपण लावायचा. आपल्याकडे दिवे लागणीच्या आधीपासून ते रात्री जेवणं होईपर्यंत ते चालतं. जिभाऊ, म्हणजे माझे थोरले चुलते, पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून बसले. त्यांनी पंचवीस वर्षं सायकलला दुधाचे कॅन बांधून अमळनेरच्या फेऱ्या केल्या आहेत. समालोचन अर्थातच इंग्रजीत. थोडा वेळ ऐकून त्यांनी मला विचारलं, “काय बोली ऱ्हायना हाऊ?” (काय बोलतोय हा?) मी मराठीत सांगायला लागलो आणि तिसऱ्या वाक्याला अडलो. तीन आठवडे, एकवीस टप्पे रोज अडत होतो. जे शब्द अडले ते इथे मांडतो आहे.

आधी ‘समालोचन’ हाच शब्द घ्या. हिंदीत समालोचना म्हणजे समीक्षा. आपल्याकडेही जुना अर्थ ‘सर्व बाजूंनी घेतलेला आढावा’ असाच आहे, ‘धावतं’ हे विशेषण लागल्यावर तो खेळाच्या मैदानावर आला. पण शब्दाच्या पोटात ‘लोचन’ आहे, म्हणजे पाहणं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. रेडिओवर सांगणाऱ्याचे डोळे हेच ऐकणाऱ्याचे डोळे. टीव्हीवर मात्र ऐकणारा स्वतः पाहतो आहे. तिथे “निळ्या जर्सीवाला पुढे आला” हे सांगून काही दिलं जात नाही. तो का आला, आत्ताच का आला, हे सांगितलं तर ते समालोचन. नुसतं दिसतं ते सांगणं म्हणजे ‘वर्णन’. मी दोन्ही शब्द वेगळे ठेवावेत या मताचा आहे.

आता ‘पेलोटॉन’. दीडशे-पावणेदोनशे स्वार एकत्र चाललेले असतात, तो मुख्य पुंजका. फ्रेंचमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ छोटा गोळा, सुताची गुंडी. त्याच शब्दाला सैनिकांच्या तुकडीचाही अर्थ आहे. मी पहिल्या दिवशी ‘घोळका’ म्हणालो. जिभाऊंना ते पटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. घोळका पानटपरीवर उभा असतो, त्याला कुठे जायचं नसतं. ‘कळप’ला राखणदार लागतो. ‘तांडा’ चांगला आहे, चालतो, लांब जातो, पण आपल्याकडे तांडा म्हटलं की वस्तीही डोळ्यांपुढे येते. शेवटी ‘जथा’वर येऊन थांबलो. जथा एका दिशेने निघालेला असतो आणि त्याला मुक्काम ठाऊक असतो.

जथ्यातून जे पुढे निघून जातात (इंग्रजीत ‘ब्रेकअवे’) त्यांना वर्तमानपत्री मराठीत ‘फुटलेले’ म्हणता येईल, पण ‘फुटीर’ शब्दाला निवडणुकीचा वास लागला आहे. ‘पळाले’ म्हणावं तर त्यात भीती आहे. आमच्या घरात आपोआप रुळला तो शब्द ‘सुटले’. गाडी सुटते, बैल सुटतो, बाण सुटतो. मोकळं होणं आणि निघणं दोन्ही त्यात आलं.

सगळ्यात जास्त घोळ झाला तो ‘अंतर’ या शब्दाने. मी म्हणालो, “सुटलेले तिघं दोन मिनिटांच्या अंतरावर आहेत.” जिभाऊंनी लगेच धरलं : अंतर मिनिटात कसं असेल? किती किलोमीटर ते सांग. मी हिशेब करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हा नुसता भाषेचा हट्ट नाही. सपाटीवर ताशी ४५ किलोमीटरने जाणाऱ्यासाठी दोन मिनिटं म्हणजे दीड किलोमीटर. घाटात वेग १८ वर आला की तीच दोन मिनिटं म्हणजे फक्त ६०० मीटर, वळणावरून मागचा पुढच्याची पाठ बघू शकतो. आणि उतारावर ७२ ला तेच २४०० मीटर. म्हणजे घाट लागला की मीटर आटतात आणि मिनिटं तिथेच राहतात. पाहणाऱ्याला वाटतं, अरे, धरलाच आता! आणि समालोचक म्हणत असतो की काहीच भरून निघालेलं नाही. म्हणून माझा आग्रह : वेळेसाठी ‘फरक’, लांबीसाठी ‘अंतर’, आणि दोन्ही एकमेकांच्या जागी कधीही नको.

यातला एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. रोबेर शापात हे फ्रान्सचे जुने शर्यतपटू, पुढे टीव्हीवरचे समालोचक झाले. जोर लावलेला जथा दर १० किलोमीटरला एक मिनिट भरून काढतो, हा अंदाज त्यांच्या नावाने ओळखला जातो. ३० किलोमीटर राहिले आणि फरक दोन मिनिटं असला की सुटलेले बहुतेक सापडणार. हे सांगितल्यापासून जिभाऊ स्वतःच हिशेब करू लागले. जाणत्या समालोचकाने एक वाक्य दिलं तर पाहणाऱ्याची पूर्ण संध्याकाळ बदलते.

‘डोमेस्टिक’साठी, म्हणजे संघात पुढाऱ्यासाठी राबणाऱ्या स्वारासाठी, मला शब्द सापडला आहे असं वाटतं, पण आधी तुमचं मत वाचू द्या.

—

चाळीसगावहून :

‘किंग ऑफ द माउंटन्स’साठी, म्हणजे घाट चढण्यात सरस ठरणाऱ्यासाठी, शब्द शोधायला जाऊच नका, तो आपल्याकडे कधीचा आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. टूरमध्ये अशा स्वाराला ठिपक्यांची जर्सी १९७५ पासून आहे, त्या जर्सीवाल्याला बिनधास्त घाटाचा राजा म्हणा.

एक भर घालतो. आम्ही रविवारी कन्नडच्या घाटात सायकली घेऊन जातो. आमच्या बोलण्यात चढ, चढण आणि घाट हे तीन वेगळे आहेत. चढ पुलावरसुद्धा असतो. चढण लांब असते, पण सरळ. घाट म्हणजे वळणं आलीच, आणि वर माथा आला. टीव्हीवर सगळ्याला ‘क्लाइंब’ म्हणतात, त्यात ही छटा हरवते. मराठीत समालोचन झालं तर या बाबतीत आपण जास्त नेमकं बोलू शकतो.

धुळ्याहून :

मी प्रत्यक्ष माईक धरलेला माणूस आहे म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी एका जिल्हा पातळीवरच्या सायकल स्पर्धेत मला समाप्तीच्या रेषेवर बसवलं. टीव्ही नाही, कॅमेरा नाही. वाटेवर दोन ठिकाणी पोरं उभी होती, ती फोन करायची. स्पर्धक निघून गेले की मधला सव्वा तास माझ्यासमोर रिकामा रस्ता आणि मांडवात बसलेले आईबाप. एका पोराने फोनवर ‘एकसष्ट’ सांगितलं, मी ‘एकाहत्तर’ ऐकलं आणि माईकवरून नाव घेऊन मोकळा झालो. एकाहत्तर नंबरच्या मुलीची आई उठून रेषेपाशी येऊन उभी राहिली. मुलगी आली ती अकरावी. ती बाई काही बोलली नाही, पदराने तोंड पुसून मागे जाऊन बसली. मला ते आजही आठवतं. तेव्हापासून नंबर दोनदा वदवून घेतल्याशिवाय नाव घेत नाही.

मोठ्या शर्यतीत साधनं पुष्कळ, पण अडचण तीच. हेल्मेट, गॉगल, सगळ्या संघाच्या एकसारख्या जर्सी, नंबर पाठीवर आणि कॅमेरा समोरून. चांगले समालोचक बसण्याच्या ढबीवरून माणूस ओळखतात, कोणाचे खांदे हलतात, कोण मान वाकडी धरतो त्यावरून. जत्रेत लांबून चालीवरून आपण आपला माणूस ओळखतो, तसंच. पुष्कळदा तर समालोचक शर्यतीच्या गावी नसतोच, तो स्टुडिओत पडद्यासमोर बसलेला असतो. मोटारसायकलवरच्या कॅमेऱ्याची चित्रं वर हवेतून पुढे पोचतात. हवा बिघडली की चित्र तुटतं आणि त्याला तरीही बोलत राहावं लागतं.

आणि वेळ! २०१७ पासून टूरचे सगळे टप्पे सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवतात. चार-पाच तास बोलायचं काय? याला लोक ‘पाल्हाळ’ म्हणतात ते मला मान्य नाही. कीर्तनात पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो. पहिले तीन तास पूर्वरंगाचे. तिथे गाव, किल्ला, पीक, जुनी शर्यत हे सगळं यावं. आख्यान रंगतं ते पूर्वरंग नीट लागला तरच.

पुण्याहून (मूळ शहादा) :

थोडा विरोध नोंदवतो. इतके नवे शब्द कोणी ऐकणार नाही. पेलोटॉन, स्प्रिंट, ब्रेकअवे सायकलवाल्या पोरांच्या तोंडी बसलेले आहेत. त्यांना जथा म्हटलं तर ती दुसऱ्या खेळाबद्दल बोलतोय असं समजतील. परक्या नावांचे उच्चार नीट करणं जास्त गरजेचं आहे. ‘तादेय पोगाचार’ हे टूर जिंकलेल्या स्वाराचं नाव देवनागरीत अगदी सरळ लिहिता येतं, त्यातला ‘य’ आणि ‘च’ आपल्याकडे आहेतच. रोमन अक्षरं वाचून त्याचं टाडेज पोगाकर करणारे लोक ऐकले की वाईट वाटतं.

—

मूळ धाग्याचा लेखक :

शहादेकर, उच्चारांबद्दल पूर्ण सहमत. शब्दांबद्दल नाही. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत सांगायचे, तेव्हा चौकार, षटक, धावबाद हे शब्द कानांवर पडून पडून घरचे झाले. विकेट आणि बॅट तशाच राहिल्या, कोणाचं काही बिघडलं नाही. स्प्रिंट राहू द्या, सगळ्यांना कळतो. पण जिथे इंग्रजी शब्द माणसाला दाराबाहेर ठेवतो, तिथे आपला शब्द हवा. माझ्या घरात दाराबाहेर कोण राहिलं असतं ते मला माहीत आहे.

धुळेकर, तुमचा एकाहत्तर नंबर वाचून थांबलो. नाव घेणं ही जबाबदारी असते, हे त्यात सगळं आलं.

आता डोमेस्टिक. संघात आठ स्वार. त्यातला एक पुढारी. बाकीचे त्याच्यासाठी वारा अडवतात, मागे संघाच्या गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणतात, त्याचं चाक बसलं तर स्वतःची सायकल देतात. फ्रेंचमध्ये शब्दाचा अर्थ सरळ घरगडी. टूरचे कर्ते आँरी देग्राँज यांनी १९११ मध्ये मॉरिस ब्रोको या स्वाराला हिणवण्यासाठी तो वापरला. पुढे त्यातला अपमान गेला आणि ते कामाचं नाव झालं. मी आधी ‘सालदार’ म्हणून पाहिलं, पण त्यात वर्षाचा करार आणि मालक येतो. ‘पाणक्या’त फक्त पाणी येतं.

मग एका संध्याकाळी पडद्यावर एक स्वार घाटाच्या पायथ्यापासून वारा अंगावर घेत पुढाऱ्याला ओढत होता आणि जिभाऊ म्हणाले, “हाऊ बगल्या से.” मी उडालोच. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो : आमच्याकडे गावोगावच्या यात्रेत बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधलेल्या, वर माणसं लदलेली, आणि पुढे भगत ओढणारा. त्याच्या दोन्ही बगलांना जे त्याला साथ देत धावतात ते बगले. नवस भगताचा, मान भगताचा, पण बगल्यांशिवाय गाड्या हलायच्या नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. यात्रेच्या बातमीतसुद्धा भगताच्या नावाखाली बगल्यांची नावं येतात.

मला समालोचनाकडून हेच हवं आहे. रेषा ओलांडणाऱ्याचं नाव तर सगळेच घेतात. पंधरा किलोमीटर वारा खांद्यावर घेऊन जो शेवटी बाजूला होतो आणि मान खाली घालून मागे मागे जातो, कॅमेरा त्याला दोन सेकंद दाखवतो. त्या दोन सेकंदांत त्याचं नाव आलं पाहिजे.

आणखी एक शब्द जिभाऊंचाच. पुढे राहून वारा अडवण्याची जी प्रत्येकाची खेप असते, तिला मी ‘पाळी’ म्हणत होतो, पाटाच्या पाण्याची असते तशी. वैशाखात पश्चिमेचा वारा तोंडावर यायचा तेव्हा दोघं-तिघं दूधवाले मैला-मैलाने पुढे-मागे होत जायचे, असं ते सांगतात. पुढच्याचा सदरा फडफडायचा, मागच्याचा अंगाला चिकटलेला असायचा. त्यांचा शब्द मात्र ‘बारी’. “आते तुन्ही बारी.” दर्शनबारीतली तीच. आणि सुरत रस्त्यावरच्या कोंडाईबारीतली बारी म्हणजे खिंड. मुलींच्या शर्यतीत माईकवरून ‘पाळी’ म्हणताना संकोच वाटेल, तिथे तर ‘बारी’ अगदीच सोयीचा.

चाळीसगावहून :

बगले मान्य. बारीही मान्य. पण आडवा वारा आला की जथा रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरपा पसरतो, प्रत्येक जण पुढच्याच्या किंचित मागे आणि बाजूला. रस्ता भरला की ज्यांना जागा मिळाली नाही ते मागे लटकतात आणि जथ्याचे तुकडे होतात. इंग्रजी समालोचक त्याला ‘एशेलॉन’ म्हणतात, फ्रेंचमधल्या शिडीवरून आलेला शब्द. याला काय?

मूळ धाग्याचा लेखक :

आत्ताच जिभाऊंना जुनं चित्रीकरण लावून दाखवलं. वरून, हेलिकॉप्टरमधून घेतलेलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, एका वावरात चार वखरं एकदम चालली की अशीच दिसतात. पहिल्याची पास सुटली की तिच्या कडेला दुसरं, त्याच्या मागे तिसरं, कोणी कोणाच्या बरोबर मागे नाही आणि कोणी शेजारीही नाही. त्याला नाव काय म्हणायचे, असं विचारलं तर त्यांना आठवेना. उद्या गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारून सांगतो म्हणाले.