१८ नंतरचे विकासात्मक दिव्यांग: सिव्हिलमध्ये वेगळी ओपीडी हवी की आहे तीच सुधारायची?

तिसरी_खिडकी

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांसाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस वेगळी ओपीडी सुरू करा, अशी मागणी पालकांकडून होत असते. माझा तिला विरोध आहे. कारणं देते, मग खुशाल तुटून पडा.

१८ पूर्ण होईपर्यंत निदान कागदावर तरी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला सुरू झाला. अंगणवाडीत, शाळेत तपासणी आणि गरज पडली तर जिल्ह्याच्या डीईआयसीत (लवकर निदान आणि उपचाराच्या केंद्रात) रवानगी. १८ झाली की ते दार बंद होतं आणि समोर येते मेडिसिनची ओपीडी, जिथे पेशंटला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. तिथे ‘गुरुवारची दिव्यांग ओपीडी’ आणली की सोमवारी दाढ ठणकत आलेल्याला खिडकीवरूनच ‘गुरुवारी या’ म्हणून परत पाठवतील. डोळे, कान, त्वचा, दात, सगळे विभाग हात झटकायला मोकळे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ सरकारी आणि खाजगी रुग्णालयांच्या *सर्व* भागांत अडथळ्याविना प्रवेश आणि तपासणी-उपचारात प्राधान्य द्यायला सांगतं. एका खोलीत द्या असं सांगत नाही.

करायचं ते फार नाही. केसपेपरवर ‘प्राधान्य, जादा वेळ’ असा शिक्का. गर्दी व्हायच्या आत पहिला नंबर. सोबतच्या माणसाने भरायचं एक पान: बोलतो कसा, दुखलं तर काय करतो, कशाने बिथरतो, गिळताना ठसका लागतो का, फिट शेवटची कधी आली, चालू गोळ्या मिलिग्रॅमसकट. आणि व्हीलचेअरसकट चढता येईल असा काटा. उभं राहता येत नाही म्हणून वजन अंदाजाने लिहितात आणि फिटच्या गोळ्यांचा डोस त्या अंदाजावर ठरतो. खुर्ची मावेल एवढा पाट असलेला धान्याचा काटाही चालतो. खुर्चीसकट वजन करा, रिकाम्या खुर्चीचं वजा करा.

थेरपी_टेबल

काट्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, बाकी असहमत. शिक्का मारून हात तयार होत नाहीत.

न बोलणारा पंचविशीतला मुलगा आठवड्यापासून स्वतःच्या कानावर बुक्क्या मारतोय. नेहमीच्या ओपीडीत ऐकायला मिळतं, ‘ऑटिझममध्ये असं होतंच’, आणि रिस्पेरिडोन (आक्रमकता, चिडचिड कमी करणारं मानसोपचाराचं औषध) लिहून दिलं जातं, किंवा आधीच चालू असेल तर वाढवलं जातं. त्याने वाढणारं वजन, साखर, चरबी कोण बघणार, हा पुढचा प्रश्न. वागणं अचानक बदललं की आधी शरीर तपासायचं असतं. कान, दाढ, घसा, लघवी, पोट, पाळी, नवं चालू झालेलं औषध, चुकलेला डोस. वेळही विचारायची. जेवणानंतर वाढतं की रात्री आडवं झाल्यावर? जेवणानंतर किंवा आडवं झाल्यावर वाढत असेल तर पित्त वर येतंय का ते बघा.

पोटाचंच घ्या. बद्धकोष्ठ इतकं घट्ट झालेलं असतं की मागून फक्त पातळ झिरपतं. घरचे म्हणतात ‘जुलाब होतायत’, डॉक्टर जुलाब थांबवायची गोळी देतात आणि खडा आणखी पक्का होतो. डाव्या बाजूला खाली पोट चाचपलं तर बऱ्याचदा हाताला लागतं. पण चाचपायला वीस मिनिटं आणि सराव हवा, कारण हा माणूस अनोळखी हात लावू देत नाही. वर्षाला असे दोन पेशंट बघणाऱ्याला हा सराव कधी व्हायचा? पेशंट एका जागी आले तरच होतो.

तिसरी_खिडकी

तुम्ही दिलेली यादी लॅमिनेट करून प्रत्येक एमओच्या (वैद्यकीय अधिकाऱ्याच्या) टेबलावर ठेवता येईल की.

थेरपी_टेबल

ठेवा. टेबलावर आधीच सात तक्ते आहेत, त्यांच्यावर चहाचा कप असतो.

डाउन सिंड्रोमचं उदाहरण घ्या. चाळिशीतला माणूस मंदावला, कामात लक्ष नाही, बसल्या जागी डुलक्या. थायरॉइड असेल, झोपेत श्वास अडकत असेल, नैराश्य असेल, ऐकू कमी येत असेल किंवा अल्झायमरची सुरुवात असेल, जी या लोकांत लवकर होते. यातलं पहिलं टीएसएच या एका रक्ततपासणीत कळतं आणि गोळीने सुधारतं. ती तपासणी दरवर्षी व्हायला हवी. लहानपणी डीईआयसीत होतही असते. १८ नंतर करणारा कोण? इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांना १४ व्या वर्षापासून दरवर्षी फॅमिली डॉक्टरकडे सर्वांगीण तपासणी मिळते. आपल्याकडे त्या कामाला मालकच नाही. वेगळी ओपीडी म्हणजे निदान एक मालक.

दंतकथा

इंग्लंडमधली ती तपासणी नेहमीच्याच डॉक्टरकडे होते, वेगळ्या दवाखान्यात नाही. म्हणजे उदाहरण धागाकर्तीच्या बाजूचं झालं!

दातांचं सांगतो, कारण तक्रारी तिथेच साठतात. फेनिटॉइन हे फिटचं औषध वर्षानुवर्षं चालू असेल तर हिरड्या सुजून दातांवर चढतात. ब्रश जेमतेम होतो. आपण किडलेल्या दाढेवर पोचेपर्यंत गाल सुजलेला असतो. निम्मं काम खुर्चीवर होऊ शकतं, पण एका भेटीत नाही. पहिल्यांदा फक्त खुर्चीत बसणं, खुर्ची वर-खाली. दुसऱ्यांदा तोंड उघडून आरसा, मोठ्याने दहा मोजायचे आणि दहाला थांबायचंच, ‘अजून थोडंसं’ करायचं नाही. मग मशीनचा आवाज लांबून. ड्रिल शेवटी. दर वेळी तोच डॉक्टर, तीच खुर्ची. सरकारी दवाखान्यात इंटर्न बदलत राहतात, तिथे हे कोसळतं. वेगळी ओपीडी केली तरी इंटर्न बदलायचेच.

ज्यांचं खुर्चीवर होत नाही त्यांना भूल लागते. आणि भूल द्यायचीच आहे तर एका भुलीत सगळं उरका: दात, कानातला मळ, डोळ्यांचा नंबर, रक्ताचे नमुने, नखंसुद्धा. पण त्यासाठी दंत, कान-नाक-घसा, नेत्र आणि लॅब एकाच सकाळी एकाच थिएटरमध्ये यायला हवेत, आणि हे जुळवून आणणं कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. मला ओपीडी नको, फोन करणारा एक माणूस द्या.

भूलवाला

एका भुलीत सगळं, हे ऐकायला छान वाटतं. थोडं आवरा.

ही भूल साधी नसते. सेरेब्रल पाल्सीत अन्न वर येऊन फुप्फुसात जायचा धोका असतो. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून नळी घालताना मान जोरात मागे-पुढे करायची नाही. निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, त्यामुळे जुनी इको (हृदयाची सोनोग्राफी), ऑपरेशनचे कागद घेऊन या. वेळ वाढला की शरीर थंड पडतं. चार विभाग बोलावले आणि एक उशिरा आला, तर पेशंट विनाकारण झोपून राहतो.

घरच्यांना नीट न सांगितल्याने सगळ्यात जास्त केसेस रद्द होतात. हलकं खाणं ६ तास, जड-तेलकट ८ तास बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. पण ‘उपाशी आणा’ एवढंच ऐकून लोक सकाळची फिटची गोळीही देत नाहीत. ती घोटभर पाण्याबरोबर द्यायचीच, नाहीतर टेबलावर फिट येते. त्या माणसाचा नंबर लिस्टमध्ये पहिला हवा. अकरापर्यंत उपाशी ठेवलेला ऑटिस्टिक मुलगा कॉरिडॉर डोक्यावर घेणारच. सुई टोचण्याआधी बधिर करणारं मलम लावा, पण वर चिकटपट्टी लावून तासभर ठेवावं लागतं. पाच मिनिटांत काही होत नाही, आणि मग ‘मलम फुकट गेलं’ म्हणतात. शुद्धीवर येताना ओळखीचा चेहरा समोर हवा. रिकव्हरीत आईला घेत नाहीत हा नियम इथे मोडा.

तेव्हा मत थेरपी_टेबलला. हे सगळं रोज नवीन टीमकडून होणार नाही.

दावा_नामंजूर

पैशांचं कुणीच बोललं नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. ओपीडी, थेरपी, महिन्याच्या गोळ्या त्यात नाहीत. ते पैसे राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यातून मिळतात. वर्षाला १ लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, ओपीडी आणि थेरपीही आहे. पण १ लाख सरसकट नसतात, आत प्रत्येक खर्चाची वेगळी मर्यादा आहे. थेरपीची मर्यादा शहरात दर आठवड्याला जाणाऱ्याला वर्षभर पुरत नाही.

दावे अडकतात ते किरकोळ गोष्टींवरून. थेरपिस्टची पावती कोऱ्या चिठ्ठीवर, नोंदणी क्रमांक नाही. मेडिकलचं बिल आहे, प्रिस्क्रिप्शन नाही. बिलावर ‘बाळू’, कार्डावर पूर्ण नाव. नूतनीकरण राहून गेलेलं. आणि पैसे आधी खिशातून भरायचे, मग परत. ज्याच्याकडे आधी भरायला नाहीत त्याच्यासाठी ही योजना अर्धीच.

आणखी एक, न्यासाच्या १९९९ च्या कायद्यात चारच गट आहेत: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत बसणारा प्रत्येक जण इथे बसत नाही.

डोंगरपाडा

सगळे जिल्ह्याच्या ठिकाणाबद्दल बोलताय. धडगावहून नंदुरबारला यायचं म्हणजे दिवस गेला, सोबतच्याची मजुरी गेली. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, पण गाडीच एक आणि ती भरलेली. गर्दीत बसवत नाही म्हणून लोक येतच नाहीत. वेगळी ओपीडी असो की सुधारलेली, पाड्यावरच्याला दोन्ही सारख्याच लांब.

तिथला खरा घोळ व्हॅल्प्रोएट या फिटच्या गोळीचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा संपतो, ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात, गोळी एकदम बंद पडते आणि न थांबणाऱ्या फिट घेऊन माणूस सिव्हिलला येतो. तेही जीपचं भाडं भरून. चिठ्ठी तीन महिन्यांची लिहा, साठा ग्रामीण रुग्णालयात ठेवा, आशाताईला यादी द्या. फेरतपासणी ई-संजीवनीवर (सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवर) होते. घरच्यांनी मोबाइलवर फिटचा व्हिडिओ काढून ठेवला तर डॉक्टरला तोंडी वर्णनापेक्षा जास्त कळतं. अख्खा माणूस दिसला पाहिजे, नुसता चेहरा नको, आणि सुरुवात कुठल्या हातापायापासून झाली ते दिसलं पाहिजे.

थेरपी_टेबल

हे मान्य. पण पहिलं निदान आणि डोस बसवणं व्हिडिओवर होत नाही.

न्यासवाली

१८ नंतरचा आणखी एक अडसर: सही. ऑपरेशनआधी ‘पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा’ म्हणून परत पाठवतात. आई-वडील १८ नंतर आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. न्यासाच्या कायद्याच्या कलम १४ खाली स्थानीय स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. तीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. बैठक लवकर लागत नाही. म्हणून सतराव्या वर्षीच कागद जमवायला लागा. आणि जीवावर बेतलेलं असेल तर प्रमाणपत्रासाठी थांबवणं चूक आहे, हे कॅज्युअल्टीतल्यांनी पाठ करावं.

दंतकथा

सरसकट सगळ्यांचं पालकत्व घ्या असं म्हणू नका. सौम्य अक्षमता असलेला माणूस ‘दाढ काढायची, आधी सुई, मग दुखणार नाही’ हे चित्रं दाखवून समजतो आणि स्वतः सही करतो. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ त्याला कायदेशीर क्षमता देतं.

न्यासवाली

तुम्ही दाढेचं बोलताय, मी गर्भाशयाचं. १९९४ मध्ये शिरूरच्या संस्थेतल्या मुलींची गर्भाशयं ससूनमध्ये काढली होती. कारण काय, तर पाळीची स्वच्छता. आज त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम १० म्हणतं की मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही प्रक्रिया नाही. तरी पालक अजून विचारायला येतात. त्यांना दोष देऊन चालणार नाही. पाळीच्या वेदनेवर गोळी, पॅड बदलायचं चित्रांचं वेळापत्रक, रक्तस्राव कमी करणारे हार्मोनचे उपाय, हे बसून समजावणारं कुणी भेटलेलंच नसतं.

तिसरी_खिडकी

दंतकथांचा ‘फोन करणारा माणूस’ आधीच आहे. समाजसेवा अधीक्षक हे पद बऱ्याच सिव्हिलमध्ये असतं. शिक्क्याच्या केसपेपरची यादी, थिएटरची तारीख, निरामयचे कागद, समितीचा अर्ज, गोळ्यांचा साठा, हे त्यांच्याकडे द्या. खोली नको, वार नको. थेरपी_टेबल, तुमचा सराव झालेला डॉक्टर कुठल्याही वारी फोनवर मिळाला तरी चालेल.

थेरपी_टेबल

पद आहे, पण त्याच माणसाकडे बेवारस रुग्ण, फुकट औषधांच्या शिफारशी आणि पोलीस केसेसही आहेत. वर हेही टाकलं तर यादी ड्रॉवरमध्ये जाईल. ठरावीक वार असला की निदान त्या सकाळी भूलवाले, दंतवाले आणि मी एका मजल्यावर असतो. ‘गुरुवारी या’ची भीती वाटत असेल तर ओपीडीच्या आदेशातच लिहा: दुखणं घेऊन आलेल्याला कुठल्याही वारी त्या-त्या विभागाने बघायचं, गुरुवार फक्त वार्षिक तपासणी आणि भुलीच्या तयारीसाठी.

तिसरी_खिडकी

असा आदेश निघाला तर मी विरोध सोडते. पण आधी हे वाक्य, मग खोली. उलटं झालं तर पहिल्याच सोमवारी खिडकीवर काय होईल ते सांगायला नको.