‘प्रत्येक तालुक्यात वेगळं वसतिगृह काढा’ म्हणणाऱ्यांना

आत्या_विडीघरकुल:
1 डिसेंबरला इथं एका दादांनी टाकलेली पोस्ट वाचून दोन दिवस डोकं शांत होईना. त्यांच्या मंडळानं एचआयव्ही असलेल्या मुलांना चादरी वाटल्या. फोटोत मुलं रांगेत उभी, चेहरे स्पष्ट दिसताहेत, आणि खाली लिहिलंय, “घरी या मुलांचे हाल होतात, प्रत्येक तालुक्यात वेगळं वसतिगृह झालं पाहिजे.”

हाल होतात, खरं आहे. मी माझ्या भावाचं एचआयव्ही असलेलं पोर सांभाळलंय. 2009 ला भाऊ गेला, वर्षभरात वहिनी. पोरगं पाच वर्षांचं. तेराव्याला सगळे बसले तेव्हा पहिला प्रश्न निघाला, “याला ठेवायचं कुठं?” कोण ठेवणार, हे कुणी विचारलंच नाही. मी विड्या वळते. गोळ्या 2004 पासून सरकार फुकट देतं, पण त्या आणायला महिन्यातून एक दिवस जायचा, आणि त्या दिवशी हजार विड्यांची मजुरी बुडायची. सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला 425 रुपये मिळायचे, तेही कधी वेळेवर नाहीत. 2023 ला 2250 झाले, तोवर आमचा पोरगा अठरा ओलांडून गेला होता.

सकाळी नऊ, रात्री नऊ, दोन वेळा गोळी. डबीवरचं लेबल मी नखानं खरवडून काढायचे. डबी खुळखुळली की शेजारी विचारायचे, म्हणून आत कापूस कोंबायचे. हाल म्हणाल तर हे. यावर वसतिगृह हा उपाय कसा काय ओ? त्या घराला हात द्या की.

चादरवाला_दादा:
ताई, पोस्ट माझीच. आम्ही खिशातले पैसे घातले, कुणाकडून वर्गणी नाही. तुम्ही सांभाळलं, तुम्हाला नमस्कार. पण ज्याला आत्याच नाही त्याचं काय? पंढरपूरला मंगलताई शहांची पालवी ही अशा मुलांची संस्था 2001 पासून उभी आहे. लातूरजवळ हासेगावला तसंच सेवालय आहे. ती घरं नसती तर ही मुलं कुठं गेली असती? घरात बसून टीका करणं सोपं आहे.

आत्या_विडीघरकुल:
पालवीबद्दल मी एक शब्द वाईट बोलले नाही. दाराशी सोडून दिलेलं लेकरू जे पोटाशी धरतात त्यांच्या पाया पडेन मी. पण बाल न्याय कायद्यातच लिहिलंय, संस्था हा शेवटचा उपाय. तुम्ही तो पहिला करायला निघालात. आणि फोटोबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

बार्शीकर_सर:
फोटो चुकलाच, त्यावर वाद नको. पण खरा प्रश्न शाळेचा आहे. मी 22 वर्षं शिकवतोय. कबड्डीत एक मुलगा पडला, गुडघा फुटला. मी उघड्या हातानं रुमाल दाबून धरला. दोन वर्षांनी कळलं की त्याला एचआयव्ही आहे. पालकांनी शाळेला सांगायला नको? माझ्या घरीही लहान मुलं आहेत.

निवृत्त_सिस्टर:
सर, हातमोजे प्रत्येक मुलाच्या रक्ताला घालायचे असतात. रक्तातून पसरणारी कावीळ कुणाच्या कपाळावर लिहिलेली असते का? हाताला जखम नसेल तर कातडीवर रक्त लागून एचआयव्ही होत नाही. आणि मूल नियमित गोळ्या घेत असेल तर रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका दबतो. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. सांगायची सक्ती करता येत नाही, आणि या कारणावरून शाळेत प्रवेश नाकारताही येत नाही.

बार्शीकर_सर:
कायदा मला शिकवू नका, सिस्टर. वर्गात साठ पोरं सांभाळून बघा. विश्वासानं सांगितलं तर शिक्षक मदतच करतो.

आत्या_विडीघरकुल:
विश्वासानं सांगितलं होतं हो सर! तिसरीत, मुख्याध्यापकांना एकट्याला. शाळेचं नाव घेत नाही. आठ दिवसांत खिचडीच्या रांगेत त्याचं ताट वेगळं झालं. ओळखू यावं म्हणून ताटाच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. पोरगा घरी येऊन म्हणाला, “आत्या, माझ्या ताटाला टिकली लावलीय.” त्याला आनंद झाला होता. मी त्या रात्री एक विडी वळली नाही. पुढच्या जूनला शाळा बदलली आणि परत कुण्णाला सांगितलं नाही.

मंगळवेढ्याचा:
शाळेचं राहू द्या, एसटीचं बोला. एचआयव्ही असलेल्यांना साध्या गाडीत मोफत प्रवासाची सवलत आहे. पण कार्ड दाखवलं की कंडक्टर मोठ्यानं विचारतो, “कसली सवलत?” अख्खी गाडी वळून बघते. माझी बायको तिकीट काढूनच जाते. ही सवलत कुणासाठी?

सतरा_नंबरचा:
मी अशाच एका वसतिगृहात वाढलो, म्हणून आत्यांना सांगतो, तुमचंही सगळं पटत नाही. आमच्याकडे रात्री नऊला घंटा व्हायची, सगळी पोरं ओळीनं गोळी घ्यायची. कापूस नाही, लपवाछपवी नाही. काकाच्या घरी होतो तेव्हा मला गोठ्यात झोपवायचे. मला तिथं माणसात आणलं.

पण एक गोष्ट दादांनी ऐकावी. मला एचआयव्ही, धाकट्या बहिणीला नाही. म्हणून मी वसतिगृहात आणि ती काकाकडे. वेगळं वसतिगृह म्हणजे भावंडांची ताटातूट, हे तुमच्या पोस्टमध्ये नाही. आता त्याच 2017 च्या कायद्यात आहे, बारा वर्षांवरचं समजतं भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळेत, बँकेत उभं राहू शकतं. मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा हा कायदा नव्हता. तिचं लग्न झालं, मला बोलावलं नाही.

बार्शीकर_सर:
ठिपक्याचं वाचून दोनदा फोन ठेवला. मी तरी असं केलं नसतं. शाळेला अजिबात सांगू नये हे अजून पटत नाही, निदान एका शिक्षकाला माहीत असावं. पण ते पालकांनी ठरवायचं, एवढं मान्य. आमच्या प्रथमोपचार पेटीत हातमोजे नाहीत, आज बघितलं. उद्या आणतो.

चादरवाला_दादा:
फोटो काढून टाकले. माझा हेतू वाईट नव्हता, हे कुणी तरी म्हणा. वसतिगृह लागतंच, यावर मी ठाम आहे, सतरा नंबरनंच सांगितलं. पण भावंडांचा विचार आम्ही केला नव्हता. मंडळाकडे अजून थोडे पैसे आहेत. चादरी नको तर काय देऊ?

आत्या_विडीघरकुल:
हेतू वाईट नव्हता दादा, मानते. गोळ्या आणायला जायच्या दिवसाची मजुरी द्या. एका घराला, वर्षभर.

चादरवाला_दादा:
पावती कुणाच्या नावानं फाडायची? मंडळात हिशोब द्यावा लागतो.

आत्या_विडीघरकुल:
गोळ्या मिळतात त्या केंद्रातल्या समुपदेशक ताईंना विचारा. त्या घराला विचारतील आणि घर हो म्हणालं तर पैसे पोचवतील. नाव तुम्हाला कळणार नाही. ते चालणार असेल तरच द्या.