12 वर्षांचा साग, विरळणी एकदाही नाही. निघणाऱ्या मालाचं काय करावं?

धुऱ्यावरचा_साग
चंद्रपूर जिल्हा, मुरमाड जमीन. एकरभर साग, 2 × 2 मीटरवर लावलेला, आज जिवंत झाडं 900 च्या आसपास. छातीच्या उंचीवर घेर 30 ते 60 सें.मी. हिरवा शेंडा फक्त वरच्या पाव भागात उरलाय, खाली नुसते खांब. व्यापारी सगळा प्लॉट उभाच उक्ता मागतोय, फांद्या जागेवरच पेटवून देऊ म्हणतो. सगळं विकायचं नाहीये. निम्मी झाडं एकदम काढली तर चालेल का? बारीक बल्ल्यांचा उपयोग काय? खुंटांना फुटवे येतील त्यांचं काय करायचं? आणि एवढ्या बारीक झाडांनाही परवानगी लागते का?

रोपवन_12
परवानगीचं आधी. साग 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या यादीत आहे, त्यामुळे कुऱ्हाड लावण्याआधी अर्ज करा. सोबत सातबारा, नकाशा आणि घेरासकट झाडांची यादी. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल तर ती पहिल्यांदा करून घ्या, प्रकरणं बहुतेक तिथेच अडतात. तोडलेल्या मालावर वनखात्याची हातोडा निशाणी (ठोकून उठवलेला शिक्का) आणि वाहतूक परवाना झाल्याशिवाय एक बल्लीही गाडीत चढवू नका. खातेदार आदिवासी असेल तर विक्रीसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे, व्यापाऱ्याशी थेट सौदा करू नका.

निम्मी झाडं एकदम अजिबात नको. दाटीत वाढलेला साग उंच आणि सडपातळ असतो, शेजारी गेले की पहिल्याच वादळात वाकतो. शिवाय खोडावर अचानक ऊन पडलं की अंगफुटवे निघतात आणि त्या प्रत्येकाची पुढे फळीत गाठ होते. आत्ता साधारण 300 काढा, दोन-तीन वर्षांनी शेंडे भरले की आणखी 200 ते 250. आधी दबलेली, वाकडी, दुबेळकी, खोडाला जखम असलेली. सरळ झाड "चांगला भाव येईल" म्हणून आधी काढायचं नाही. व्यापारी मात्र नेमकी तीच मागेल.

खूण दोन ठिकाणी करा: एक छातीच्या उंचीवर, दुसरी जमिनीलगत, काप बसेल त्याच्या खाली. झाड गेल्यावरही खुंटावर रंग दिसला पाहिजे. बिनरंगाचा खुंट म्हणजे जास्तीचं झाड गेलं, त्याचे पैसे कापून घ्या.

फुटव्यांची फार आशा विरळणीत धरू नका. सागाला ऊन लागतं, सावलीतला फुटवा बहुतेक खुरटाच राहतो. शेवटच्या तोडीला मात्र तोच पुढचा प्लॉट असतो. तेव्हा जानेवारी ते मार्च, नवी पालवी यायच्या आत, जमिनीपासून 10 ते 15 सें.मी.वर, पाणी थांबू नये असा उतरता काप घ्यायचा आणि साल फाटू द्यायची नाही. पुढच्या हिवाळ्यात खालच्या बाजूने आलेले एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढायचे. वरच्या काठावरचा फुटवा वाऱ्याने सांध्यातून निसटतो.

आरामशीन_भाऊ
उक्ता देऊच नका, मोजून द्या. बाजारात घनफूट पाव घेराने काढतात: मधल्या घेराचे इंच भागिले 4, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटात, भागिले 144. घेर 24 इंच, लांबी 8 फूट असेल तर बरोबर 2 घनफूट. त्याच ओंडक्यात खरं लाकूड 2.55 घनफूट भरतं. म्हणजे साल आणि कटाईतली घट या हिशोबात आधीच धरलेली आहे. वर पुन्हा "सालीचे दोन इंच वजा" म्हणत असेल तर दुहेरी कपात झाली. फीत बारीक टोकाला लावून घेर 20 इंच धरला तर तोच नग 1.39 वर येतो. फीत मध्यावरच.

पाडताना पडायच्या बाजूला आधी खाच घ्या, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी. मग मागचा काप खाचेच्या दोन-तीन सें.मी. वर. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढं लाकूड न कापता सोडा, झाड त्याच्यावर वळून पडतं. खाच न घेता सरळ कापलं की बुंधा चिरतो आणि खालचे तीन-चार फूट, म्हणजे सगळ्यात महाग तुकडा, सरपणात जातो.

45 सें.मी.च्या वर घेर असलेले बुंधेच चिरायला न्या, तेही पट्ट्याच्या आऱ्यावर. गोल पात्याचा आरा दर कापाला 5-6 मि.मी. भुसा करतो, पट्टा 2-3. एवढ्या बारीक ओंडक्यात हा फरक एका फळीएवढा होतो. या वयात गाभा (आतलं गडद लाकूड) कमी, बाहेरचं पांढरं लाकूड जास्त. पांढऱ्याला सागाचं टिकाऊपण नसतं. पांढरं कपाटाच्या खणांच्या आतल्या बाजूंना, गाभा चौकटीच्या पट्ट्यांना. कुऱ्हाडीचे दांडे करू नका, त्याला धावडा किंवा बाभूळच.

मांडव_बल्ली
बारीक बल्ल्या कारली-तोंडलीच्या मांडवाला जातात. औषध न मुरवता रोवल्या तर मातीच्या रेषेवर वर्ष-दोन वर्षांत कुजतात. ओल्या बल्लीतच औषध चढवायचं. तोडीच्याच दिवशी साल काढा, सीसीबीचं (बोरिक ॲसिड, मोरचूद, सोडियम डायक्रोमेट 1.5 : 3 : 4) 6 ते 8 टक्के द्रावण ड्रममध्ये घ्या, बुंधा त्यात बुडवून सावलीत उभ्या करा. वरून ओल उडते तसं खालून द्रावण चढतं. आठवड्याभराने उलट्या करा. कापल्यावर दोन-तीन दिवस पडून राहिलेली बल्ली नीट ओढत नाही, आणि गाभ्यात तर काहीच शिरत नाही. म्हणून इथे पांढरं लाकूडच कामाचं. हातमोजे घाला, उरलेलं द्रावण नाल्यात ओतू नका, जुनी झालेली बल्ली चुलीत अजिबात नको, त्यात क्रोमियम असतं.

छताच्या आतल्या कामाला बोरॅक्स-बोरिक पुरतं. पावसात ते धुऊन जातं.

धुऱ्यावरचा_साग
साल शेतातच काढली तर चालेल? आणि फांद्या?

रोपवन_12
साल शेतातच राहू द्या. सागाला चुना भरपूर लागतो आणि सालीत तो बराच असतो. पाला पण तिथेच.

आरामशीन_भाऊ
बल्ल्यांपुरतं मान्य. चिरायच्या ओंडक्यांची साल काढून उन्हात टाकाल तर आठ दिवसांत टोकांपासून तडे जातील. सालीसकट सावलीत ठेवा, दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट लावा, लवकर चिरा. फळ्या रचताना मध्ये इंचभराच्या सुक्या पट्ट्या, एकाखाली एक सरळ रेषेत, नाहीतर फळ्या लाटेसारख्या वाकतात.

कोळसा_खड्डा
फांद्या पेटवू देऊ नका. वरून दीड मीटर रुंद, पाऊण मीटर खोल, निमुळता खड्डा काढा. मनगटापेक्षा बारीक, पूर्ण सुक्या फांद्या घ्या. आग वरून लावायची. थरावर पांढरी राख दिसायला लागली की पुढचा थर. घाईने टाकलं तर धूर कोंडतो, जाड फांदी आतून कच्ची राहते. भरला की लगेच पाण्याने पूर्ण विझवा. रात्रभर धुमसू दिला तर सकाळी नुसती राख. क्विंटलभर सुक्या फांद्यांमागे 20 ते 25 किलो कोळसा धरा. जमिनीत घालण्याआधी शेणकाल्यात भिजवा, कोरडा घातला तर सुरुवातीला पिकाचंच नत्र ओढतो.

हे काम 15 फेब्रुवारीच्या आत उरका, पुढे वणव्याचा हंगाम. खड्ड्याभोवती पाच मीटर पाला झाडून काढा आणि पाण्याचे ड्रम काडी ओढायच्या आधी भरून ठेवा.